निरूणचा ठिपका

निरूणचा ठिपका हिरवा होता, आणि रविवारपासून तो शर्वरीच्या डोळ्यांत खुपत होता.

मंगळवारी सकाळी कामाला जाताना उत्रेख्तच्या गाडीत बसल्या बसल्या तिने लॅपटॉप उघडला, नकाशा सरकवत सिंधू नदीच्या मुखापाशी आणला, ठिपक्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. दोन मिनिटांनी पुन्हा उघडला. तिचा उजवा पाय एकसारखा हलत होता. समोरच्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली तेव्हा तिला ते कळलं. संध्याकाळी पाच वाजता फाइल बंद व्हायची होती. मग हा नकाशा एका फिरत्या प्रदर्शनाबरोबर देशभरच्या डच शाळांमध्ये जाणार होता आणि कुठल्याच ठिपक्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं. तोवर मात्र एक आकडा बदलला की काम होणार होतं. दोनच्या जागी तीन. तो आकडा बदलायची मुभा जगात दोनच माणसांना होती, आणि त्यांतली एक ती होती.

काम ऐकायला सोपं होतं. सातव्या शतकात मदिनेतून निघालेली अरब सैन्यं शंभरेक वर्षांत एका बाजूला स्पेनला आणि दुसऱ्या बाजूला सिंधला पोचली. नकाशावर बोट फिरवलं की वर्षं पुढे सरकत आणि वाटेतली गावं एकेक करून उजळत. एकूण गावं एकशे चौऱ्याऐंशी. बळाने घेतलेलं गाव लाल, आकडा एक; तहाने आलेलं हिरवं, आकडा दोन. हा भेद काही आजच्या लोकांनी काढलेला नव्हता. तहाने आलेल्या गावाचा कर तहात ठरे, बळाने घेतलेल्या गावावर राज्यकर्ता हवा तो कर बसवू शके. त्यामुळे पुढे शंभर-दीडशे वर्षं गावोगावचे लोक आणि अधिकारी त्यावरून भांडत राहिले, आणि ज्यांनी इतिहास लिहिले त्यांनी ही भांडणंही लिहून ठेवली. दमास्कसचं तर एका दरवाजातून बळाने आणि दुसऱ्या दरवाजातून तहाने, असं दोन्ही सांगितलं जातं. अशा गावांसाठी तिसरा रंग होता, राखाडी, आकडा तीन.

नियम एका ओळीचा होता. उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथात जे लिहिलंय ते धरायचं. त्या ग्रंथातच दोन उलट हकिकती असतील तरच राखाडी. नियम शर्वरीनेच लिहिला होता. मराइके ही इतिहासाची अभ्यासक, ब्रेडा शहरची, साठीला आलेली, शर्वरी संख्याशास्त्राची. दोघींनी एकमेकींचं न बघता प्रत्येक गावाला आकडा द्यायचा, मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे आणि जिथे जुळत नाही तिथे बसून बोलायचं. सहा वर्षांपूर्वी राजानंदच्या व्हिसावर, त्याची बायको म्हणून ती डीमनला आली होती. त्यातली पाच वर्षं डच शिकण्यात, लेकीला, सानिकाला, वाढवण्यात आणि अर्ज करण्यात गेली होती. गळ्यात स्वतःच्या नावाचं ओळखपत्र घालून ती जिथे जात होती अशी ही पहिली जागा. म्हणून नियमाची ती ओळ तिला पाठ होती, अगदी शब्दांच्या क्रमासकट.

आणि निरूण नियमाप्रमाणे हिरवं होतं. त्याबद्दल शंका नव्हती. खुपत होतं ते वेगळंच.

रविवारी मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, बुइटनव्हेल्डर्टच्या एका सभागृहात. दर वर्षी सभासदांपैकी कुणीतरी आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलतं. या वर्षी जयप्रकाशांनी तिला विचारलं होतं. जयप्रकाश मंडळाचे जुने अध्यक्ष. नव्याने आलेल्या माणसाला घर मिळवून देण्यापासून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, नाव घालण्यापर्यंत सगळ्याला धावून जाणारे. सानिका लहान असताना तिच्या लशींचे कागद त्यांनीच वाचून दिले होते. शर्वरीने नकाशा पडद्यावर लावला, वर्षं सरकवली. लोकांनी मन लावून पाहिलं. सिंधपाशी आल्यावर ती थोडी रेंगाळली, कारण बौद्ध घरात वाढलेल्या तिला तो भाग आवडत होता. निरूण हे देबल बंदराच्या वरचं गाव, तिने सांगितलं. तिथे बौद्ध श्रमणांचा शब्द चाले. त्यांनी आधीच माणसं पाठवून तह केला होता. सैन्य आलं तेव्हा त्यांनी दारं उघडली आणि धान्य पुरवलं. गाव वाचलं.

चहाच्या वेळी ती जयप्रकाशांच्या बायकोच्या, सुनेत्रावहिनींच्या, हातून कप घेत होती, तेव्हा जयप्रकाश बटाटेवड्याची बशी घेऊन शेजारी आले.

"छान बोललात हं शर्वरीताई. मुद्देसूद. एक मात्र नवीन कळलं."

"काय?"

"म्हणजे दार तुमच्याच लोकांनी उघडलं म्हणायचं."

ते हसत होते. शेजारचे दोघेतिघेही हसले. एकाने हसून झाल्यावर बुटांकडे पाहिलं.

"अहो, पुरे," सुनेत्रावहिनी म्हणाल्या.

"अगं, गंमत करतोय. ताईंना कळते गंमत. काय ताई? आणि मी कुठे मनाचं सांगतोय, त्यांच्याच नकाशात आहे. हिरवागार."

"हिरवा म्हणजे तह," शर्वरी म्हणाली.

"तेच की. बरं, ते चित्र मला पाठवा. स्मरणिकेत छापू या."

चहा तिने तसाच ठेवला. राजानंद सानिकाला घेऊन बाहेर सायकलींपाशी उभा होता. डीमनपर्यंतच्या सायकलच्या वाटेवर सानिकाने दोनदा डचमध्ये विचारलं की आई एवढी जोरात का चालवतेय.

सोमवारी संध्याकाळी जयप्रकाशांचा निरोप आला. स्मरणिकेचं एक पान राखून ठेवलंय, मथळाही सुचलाय: 'सिंधचं दार कुणी उघडलं?' पुढे हात जोडलेलं चित्र.

राजानंदने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. तो झाउडास या कचेऱ्यांच्या भागात एका बँकेच्या संगणकांवर काम करतो. चिडला की त्याचा आवाज चढत नाही, उलट उतरतो.

"त्याला तिथल्या तिथे बोलायला हवं होतंस."

"काय बोलायला हवं होतं?"

"काहीही. त्याचे लोक त्या वेळी कुठे होते ते विचारायचंस."

"अरे, मी त्या लोकांची कोण आहे? तेराशे वर्षांपूर्वीचं गाव. माझे आईवडील अंबरनाथचे."

"मग कालपासून जेवत का नाहीयेस?"

तिने धुतलेल्या वाट्या पुन्हा नळाखाली धरल्या. राजानंद उठून तिच्या मागे आला.

"शर्वरी, हे लिहिलंय कुणी? कधी?"

"दीडशे वर्षांनी. बगदादच्या दरबारातल्या माणसाने."

"झालं तर. म्हणजे पुरावा म्हणून ते तसंही लंगडंच आहे. करून टाक राखाडी. खोटं थोडंच आहे ते? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"नियम तसा नाही."

"नियम तू केलायस ना?"

रात्रभर ते वाक्य तिच्याबरोबर जागं राहिलं, कारण ते खरं होतं.

मंगळवारी कार्यालयात पोचल्यावर तिने कोट न काढताच कामाला सुरुवात केली. मराइके दहाला येणार होती. नियम बदलायचा तर एका गावासाठी बदलता येत नाही, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. सगळ्या गावांना लावून पाहायचं. तिने पहिला लावला: घटनेनंतर शंभर वर्षांहून उशिरा लिहिलेलं सगळं राखाडी. नकाशा ताजा झाला आणि राखेचा ढीग दिसावा तसा दिसला. एकशे एकोणऐंशी गावं राखाडी, पाच उरली. हा नकाशा खोटा नव्हता, पण तो शाळेतल्या मुलांना काहीच सांगत नव्हता.

दुसरा नियम: तह गावाने नव्हे, गावातल्या एका गटाने केला असेल तर राखाडी. त्यात निरूण गेलं, पण त्याच्याबरोबर सीरियातली अर्धी गावंही गेली, कारण तिथे तह बिशपांनी केले होते. तिसरा: दुसऱ्या ग्रंथाचा दुजोरा नसेल तर. निरूणला दुजोरा होता. ते हिरवंच राहिलं आणि भलतीच अकरा गावं राखाडी झाली. चौथा नियम लिहिताना तिची बोटं थांबली. त्यात चार अटी होत्या, आणि त्या चारही पुऱ्या करणारं गाव एकशे चौऱ्याऐंशीत एकच होतं. पदव्युत्तरच्या वर्गात तिच्या सरांनी एका मुलाची वही अशाच कारणासाठी त्याच्या हातात परत दिली होती. त्याने उत्तर आधी ठरवून नियम मागून बेतला होता.

तिने चारही नियम पुसले. मग, मराइकेने या गावाला पहिल्यांदा काय दिलं होतं ते तरी पाहू म्हणून, फेब्रुवारीतले मूळ तक्ते उघडले. निरूण, क्रमांक एकशे सदुसष्ट. मराइकेचा आकडा दोन. हिरवा.

शेजारच्या रकान्यात तिचा स्वतःचा आकडा होता तीन.

तिने ओळ चुकली असेल म्हणून पट्टी लावल्यासारखं बोट लावून पाहिलं. ओळ बरोबर होती. शेवटचा रकाना शेऱ्याचा. एकशे त्र्याऐंशी गावांपुढे तिचे शेरे इंग्रजीत होते, पान क्रमांकासकट. या एका गावापुढे पान क्रमांक नव्हता. तिथे देवनागरीत दोनच शब्द होते: पुरावा कमी.

फेब्रुवारीत कुणी काही बोललं नव्हतं. जयप्रकाश नव्हते, बटाटेवडा नव्हता, हसणं नव्हतं. ती एकटी या टेबलाशी बसली होती, बाहेर पाऊस होता, आणि तिने आपला नियम मोडला होता. तिला ते आठवतही नव्हतं. मग गाव हिरवं झालं कसं? ते हळूहळू आठवलं. मार्चमध्ये न जुळलेल्या एकतीस गावांवर दोघी बसल्या होत्या. चार उरली असताना शाळेतून फोन आला, सानिकाला ताप होता. कोट घालता घालता ती मराइकेला म्हणाली होती, उरलेली तू ठरव, मला मान्य आहे. उरलेल्यांत निरूण होतं.

खुर्चीत बसवेना म्हणून ती जिन्यापर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा मराइके सायकलचं हेल्मेट टेबलावर ठेवत होती.

"मला तुला काही दाखवायचंय," शर्वरी म्हणाली. त्या दोघी इंग्रजीत बोलत, आणि नाव घेऊन, अगंतुगं करावं तसं.

मराइकेने तक्ता पाहिला. चष्मा वर केला. "हे दोन शब्द काय आहेत?"

शर्वरीने अर्थ सांगितला. मग रविवारचंही सांगितलं, थोडक्यात, कमी-जास्त न करता. आणि त्या सकाळचे चार नियमही सांगितले. हे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

"हं," मराइके म्हणाली. "सोळाशे पंचवीसमध्ये ब्रेडाने नऊ-दहा महिने वेढा सोसला, मग तह करून दारं उघडली. माझी आजी हे असं सांगायची जणू ती तिथे होती. पण दार उघडलं असं नाही म्हणायची. म्हणायची, खायला काही उरलं नव्हतं."

"तुझ्या आजीला कुणी चहा पिताना टोमणा मारला नव्हता."

"नाही. तेही खरं." तिने चष्मा खाली घेतला. "मग आता तुला काय हवंय? राखाडी? मी सही करणार नाही."

"मला राखाडी नकोय. मी सिंधला हात लावायलाच नको होता. माझ्या बाकीच्या आकड्यांचं काय, ते मला आता सांगता येत नाही. एक वाकडा निघाला म्हणजे इतरही असतील."

मराइकेने घड्याळ पाहिलं. साडेदहा. तिने ग्रंथांच्या भाषांतराच्या प्रती कपाटातून काढल्या आणि शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तासाभराने ती वीस चिठ्ठ्या घेऊन आली. प्रत्येकीवर ग्रंथातला एक उतारा होता. गावांची, नद्यांची, सरदारांची नावं पांढऱ्या पट्टीने झाकलेली होती. श्रमण, बिशप, अग्निपूजक, सगळ्यांच्या जागी पेनाने एकच शब्द लिहिला होता: पुढारी.

"सिंधची सात आहेत," ती म्हणाली. "बाकीची कुठलीही. आकडे दे. मी समोर बसते."

शर्वरीने पेन घेतलं. पहिली चिठ्ठी, भिंत फोडून आत शिरले: एक. दुसरी, पुढारी येऊन भेटले: दोन. प्रत्येक चिठ्ठी उचलताना ती निरूणला शोधत होती, आणि शोधू नये म्हणून धडपडत होती, आणि त्या धडपडीने तिच्या तळहाताला घाम येऊन कागद चिकटत होता. नववी चिठ्ठी वाचताना तिला कळलं. शेजारचं शहर पडल्याचं ऐकून लोक घाबरले, त्यांनी तह मागितला, दारं उघडली, सैन्याला धान्य आणि घोड्यांना वैरण दिली, आणि सैन्याने नदीकाठी तळ दिला. नदी, धान्य, भीती. हेच. तिने ती चिठ्ठी पुन्हा वाचली. लोक घाबरले होते, आणि घाबरलेल्या लोकांनी जे करायचं ते केलं होतं. ग्रंथात एकच हकिकत होती; दुसरी, उलट नव्हती. तिने दोन लिहिलं. लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की आकडा मागच्या बाजूने उठला. उरलेल्या अकरा चिठ्ठ्या तिने भराभर संपवल्या.

मराइकेने पट्ट्या नखाने सोलायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, करत ती नववीपर्यंत आली.

"ही निरूण," शर्वरी म्हणाली. "मला कळलं होतं. म्हणजे ही धरता येणार नाही."

मराइकेने पट्टी काढून चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. हिम्स. सीरियातलं, गेली चार वर्षं बातम्यांमध्ये ज्याच्या पडक्या इमारती दिसत होत्या ते होम्स.

"निरूण चौदावी," मराइके म्हणाली.

शर्वरीने चौदावी उचलली. गावाने दोन माणसं आधीच पाठवून तह केला होता. सैन्य आल्यावर त्यांनी वचन पाळलं, बाजार भरवला, आत घेतलं. चार ओळी. शेजारी तिच्याच हातचा दोन, सहज लिहिलेला, जराही न दाबलेला. ही वाचताना काय वाटलं होतं ते तिने आठवून पाहिलं. काहीच वाटलं नव्हतं. हे हिरवं, पुढची.

वीसपैकी वीस आकडे पक्क्या नकाशाशी जुळले.

"झालं मग," मराइके म्हणाली. "काही बदलायचं नाही. जेवायला चल."

पण ती गेली नाही. पाय पुन्हा हलायला लागला होता. नकाशाबरोबर एक पद्धतीचं पान जाणार होतं, शिक्षकांनी वाचायचं. ते लिहिण्याचं काम तिच्याकडेच होतं. दुपारभर तिने त्या पानाच्या शेवटी एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपत होतं. नव्या कामासाठी अर्ज करताना हेच पान ती जोडणार होती. पावणेपाचला वाक्य असं होतं: 'गाव क्र. १६७, निरूण: पहिल्या नोंदणीत शर्वरीने नियम पाळला नव्हता, नावं झाकून पुन्हा नोंदणी केली. कारण: नोंद करणारीची या गावाबद्दलची आपुलकी.'

मराइकेने वाचलं. "कारण लिहायची गरज नाही. कुणी विचारणार नाही."

"मी विचारलं असतं."

"मग असू दे." तिने सही केली. शर्वरीने केली. पाचला फाइल बंद झाली. निरूण हिरवं राहिलं.

परतताना गाडी बदलल्यावर मेट्रोत जागा रिकाम्या होत्या, तरी ती दाराशी उभी राहिली आणि तिने फोन काढला. जयप्रकाशांच्या निरोपाखाली तिने लिहिलं: 'काका, नकाशा छापायला माझी हरकत नाही. पण मथळा असा देता येणार नाही. दारं उघडणारी, हिरवी गावं ब्याण्णव आहेत. सीरियातली आहेत, इराणातली आहेत, स्पेनमधली आहेत, त्यांत एक निरूण. सगळी यादी जोडली आहे. ती नकाशाखाली छापावी.'

दोन स्टेशनं गेली. उत्तर आलं.

'बाप रे ताई, ब्याण्णव! एका पानात कुठे बसायची एवढी यादी? आणि रविवारचं मनावर घेतलंत की काय? मी आपली गंमत केली होती.'

तिने लिहिलं, 'मी गंमत करत नाहीये'. मग ते खोडलं, कारण ते त्यांना आधीच कळलं असणार. डीमनचं स्टेशन आलं, दारं उघडली, मागचा माणूस तिला वळसा घालून उतरला. ती फलाटावर उतरून चार पावलं चालली, थांबली, आणि उभ्या उभ्याच दोन शब्द पाठवून दिले.

'पान वाढवा.'